‘आहे’पासून ‘इज’पर्यंत: मराठी शाळेतल्या लहान मुलांना ॲम-इज-आर शिकवताना

‘माय फादर आर फार्मर.’

तिसरीच्या वह्या तपासताना एका संध्याकाळी हे वाक्य मला अकरा वह्यांत सापडलं. एकमेकांचं बघून लिहिलं असेल म्हणावं, तर मुलं वर्गात वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसणारी. महिनाभर रोज सकाळी हाच वर्ग ‘आय ॲम, यू आर, ही इज, शी इज’ पाढ्यासारखं खणखणीत म्हणत होता. पाढा पाठ होता, वाक्य मात्र चुकत होतं, आणि सगळ्यांचं एकाच जागी चुकत होतं.

थोडा वेळ तशीच बसले, मग वाक्य मराठीत म्हणून पाहिलं: ‘माझे बाबा शेतकरी आहेत.’ आहेत. अनेकवचन. मुलांनी मराठीतला आदर जसाच्या तसा इंग्रजीत नेला होता. त्यांचं मराठी पक्कं होतं म्हणूनच ती चूक झाली होती.

त्या दिवसापासून मी ॲम-इज-आर शिकवताना मराठी बाजूला ठेवणं सोडलं. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण मराठी माध्यमाच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाला हा भाग मुलांच्या मराठीच्या अंगाने कसा शिकवायचा, हे सहसा कोणी बसून सांगत नाही. मला जे चुकतमाकत कळलं ते पायरीपायरीने लिहिते आहे. दुसरी ते पाचवी डोळ्यांसमोर ठेवलेली आहे. उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत, फळ्यावर अर्थातच रोमन लिपीत लिहा.

जवळ काय हवं

- जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून केलेल्या वीतभर लांब पट्ट्या, साधारण तीस
- तीन रंगांचे स्केचपेन: नावं आणि सर्वनामांना निळा, ॲम-इज-आरला लाल, उरलेल्या शब्दांना हिरवा
- सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे, वाक्य टांगून ठेवायला
- गूळ, चिंच, मीठ आणि कारल्याची एखादी चकती (ही आठव्या पायरीला लागतील)
- एक शंभर पानी वही, फक्त मुलांच्या चुका टिपायला. यादीतली ही सगळ्यांत मोलाची वस्तू. ती का, ते शेवटी येईल.

१. आधी आपलं ‘आहे’ नीट पाहून घ्या

वर्गात जाण्याआधी एका कागदावर लिहा: मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. शेजारी इंग्रजी लिहा: ॲम, आर, इज, आर, आर, आर. आता दोन्ही रांगा ताडून पाहा.

मराठीत ‘मी’ आणि ‘तो’ दोघांनाही ‘आहे’ चालतं. इंग्रजीत दोघांचे शब्द वेगळे. म्हणून मुलं ‘आय इज’ म्हणतात. उलट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना मराठीत वेगळी रूपं आहेत, इंग्रजीत एकच ‘आर’, त्यामुळे तिथे मुलं फारशी अडखळत नाहीत. चूक कुठे होणार, हे या दोन रांगा आधीच सांगतात.

इंग्रजी व्याकरणात या शब्दांना लिंकिंग व्हर्ब म्हणतात, म्हणजे कर्ता आणि त्याच्याबद्दलची माहिती यांना जोडणारं क्रियापद. ‘बाबा आहेत’ एवढ्याने सांगणं पुरं होत नाही, ‘शेतकरी’ हा शब्द यावा लागतो. मराठी व्याकरणात त्याला विधानपूरक म्हणतात. हे तुमच्यासाठी. मुलांना यातला एकही शब्द सांगू नका. मी ‘कडी’ म्हणते. कडी लावली की दोन शब्द जोडले जातात, एवढं त्यांना पुरतं.

एक गोष्ट मात्र चौथी-पाचवीला जरूर सांगा. ‘ॲम’ आणि संस्कृतातलं ‘अस्मि’, ‘इज’ आणि ‘अस्ति’ ही एकाच जुन्या मूळ भाषेतून आलेली रूपं आहेत. ‘अस्मि’तला म आणि ‘ॲम’मधला म एकच. हे ऐकल्यावर इंग्रजी मुलांना तितकी परकी वाटत नाही, हे मी दरवर्षी पाहते.

२. पहिला आठवडा: फक्त ‘आय ॲम’, आणि फक्त तोंडी

सहाही सर्वनामं एका दिवसात फळ्यावर मांडू नका. पूर्ण तक्ता बघायला छान वाटतो, पण मुलं तो सुरात पाठ करतात आणि सूर संपला की विसरतात.

पहिल्या आठवड्यात फक्त ‘आय ॲम’. त्यापुढे नाम नको, विशेषण घ्या: हॅपी, हंग्री, टायर्ड, थर्स्टी, रेडी. कारण सरळ आहे. ‘आय ॲम अ स्टुडंट’मध्ये तो छोटा ‘अ’ मध्ये येतो आणि मराठीत त्याला जोड नाही. दोन नव्या गोष्टी एकाच वेळी नकोत. हजेरी घेताना ‘यस मॅडम’च्या जागी प्रत्येकाने आपापलं एक वाक्य म्हणायचं. ‘आय ॲम रेडी.’ ‘आय ॲम हंग्री.’ चाळीस मुलं, पाच-सहा मिनिटं.

उच्चार इथेच पक्का करा. मुलं ‘आय एम’ म्हणतात. बॅट, कॅप यांतला ‘ॲ’ काढून दाखवा आणि मग ‘ॲम’कडे या.

आणि कळकळीने सांगते: मुलांच्या अंगावर बेतणारी विशेषणं या खेळात आणू नका. फॅट, थिन, ब्लॅक, शॉर्ट. एकदा वर्गात ‘यू आर फॅट’ सुरू झालं की ते मूल वर्षभर इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही.

३. ‘आहे’ला चालायला लावा

सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली पायरी हीच, म्हणून ती जरा सावकाश सांगते.

तीन मुलं पुढे बोलवा. मराठी पट्ट्या द्या: ‘मी’, ‘आनंदी’, ‘आहे’. मुलं या क्रमाने उभी राहतात. वर्गाने वाचायचं: मी आनंदी आहे. आता पट्ट्या उलटायच्या. मागच्या बाजूला इंग्रजी: ‘आय’, ‘हॅपी’, ‘ॲम’. वर्ग वाचतो: ‘आय हॅपी ॲम.’ काही मुलं हसतात, काहींना कळत नाही. मग ‘ॲम’ची पट्टी धरलेल्या मुलाला सांगायचं, तू शेवटून निघ, दोघांच्या मध्ये उभा राहा आणि दोन्ही हातांनी दोघांचे हात धर.

तो मध्ये येऊन हात धरतो तेव्हा कडी लागलेली दिसते. गेल्या वर्षी माझ्या वर्गात ‘ॲम’ झालेला एक मुलगा इतका घट्ट हात धरून उभा होता की खेळ संपला तरी सोडेना. ‘मी सोडलं तर वाक्य तुटंल की, बाई.’ पुढे आठवडाभर कोणी कडी विसरलं की वर्गच ओरडायचा: ‘तुटलं!’ मला लाल पेन उचलावं लागलं नाही.

मुलं घरी जे बोलतात तेच पट्टीवर लिहा. आमच्याकडे ‘हाय’ म्हणतात, खानदेशात अहिराणी बोलणारं मूल ‘शे’ म्हणेल, तळकोकणात मालवणी ‘आसा’, गोव्यात कोकणी बोलणाऱ्या घरातलंही ‘आसा’. ‘आहे’ हाच शब्द हवा असा हट्ट धरलात तर त्या मुलाला एका वाक्यासाठी दोन भाषा शिकाव्या लागतील. कडी त्याच्या घरचीच असू द्या.

४. ‘इज’: आणि मराठी जिथे कडी गाळते

दुसऱ्या आठवड्यात ही, शी, इट, धिस. इथे एक वेगळीच अडचण येते. ‘हा माझा भाऊ.’ ‘हे आमचं घर.’ ‘तुझं नाव काय?’ ही मराठी वाक्यं पूर्ण आहेत, त्यांत ‘आहे’ नसलं तरी कान खटकत नाही. म्हणून मूल ‘धिस माय ब्रदर’ म्हणतं, ‘व्हॉट युवर नेम’ विचारतं.

उपाय: अशा वाक्यात आधी मराठीतच ‘आहे’ शोधायला लावा. ‘हा माझा भाऊ’ असं मुलाने म्हटलं की विचारा, ‘कडी कुठे लपली?’ तो ‘हा माझा भाऊ आहे’ असं म्हणतो आणि मग इंग्रजीकडे वळतो. पंधरा दिवसांत हे विचारावं लागत नाही.

‘इज’मधला ज हा ‘आज’मधला, ‘राज्य’मधला नव्हे. ‘आज’ आणि ‘इज’ पाठोपाठ म्हणायला लावा, उच्चार आपसूक जमतो.

५. ‘आर’: डोकी मोजा

आता त्या अकरा वह्यांकडे येऊ. आजोबा, बाबा, सर, बाई, पाहुणे अशा सगळ्यांना आपण ‘आहेत’ म्हणतो. नियम सांगून हे सुटत नाही, कारण मुलाच्या दृष्टीने तो वचनाचा प्रश्नच नाही, तो वळणाचा प्रश्न आहे. मला एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, बाबांना इज म्हटलं तर अरे-तुरे होणार नाही का?’

तिला मी सांगितलं ते असं: इंग्रजीत आदर क्रियापदात ठेवत नाहीत. तो ‘सर’ म्हणण्यात असतो, ‘प्लीज’मध्ये असतो, आवाजात असतो. क्रियापद फक्त डोकी मोजतं. बाबा किती? एक. मग इज. आईबाबा किती? दोन. मग आर.

तेव्हापासून माझ्या वर्गाचं सूत्र असं आहे: ‘आय’ला त्याचा स्वतःचा ॲम, ‘यू’ला कायम आर, बाकी सगळ्यांची डोकी मोजायची. एक असेल तर इज, जास्त असतील तर आर.

काही शब्द मात्र या सूत्राला दाद देत नाहीत. ‘तिचे केस लांब आहेत’, पण ‘हर हेअर इज लाँग’. पैसे मराठीत आहेत, इंग्रजीत ‘मनी इज’. उलट कात्री, चष्मा आणि पँट आपल्याकडे एक, तिकडे सिझर्स, ग्लासेस, पँट्स, सगळ्यांना आर. हे चार-पाच शब्द वेगळ्या पट्ट्यांवर लिहून भिंतीला लावा. त्यांचं कारण समजावत बसू नका.

६. ‘नाही’ आणि ‘का’

मराठीत नकार देताना ‘आहे’ नाहीसं होतं. ‘मी दमलेला आहे’, पण ‘मी दमलेला नाही’. ‘नाही’च्या पोटात ‘आहे’ गेलेलं असतं. म्हणून ‘आय नॉट टायर्ड’ येतं. पुन्हा मुलं उभी करा. ‘नॉट’ची पट्टी घेऊन चौथं मूल येतं आणि वर्गाकडून पाहता कडीच्या लगेच उजवीकडे उभं राहतं. कडी जागची हलत नाही.

प्रश्नात मात्र ती हलते. मराठीत आपण वाक्य तसंच ठेवून शेवटी ‘का’ लावतो, इंग्रजीत कडीच उठून पुढे येते. ‘यू आर रेडी’मधलं ‘आर’ झालेलं मूल दोघांचे हात सोडून रांगेच्या पुढे जाऊन उभं राहतं: ‘आर यू रेडी?’ मराठीत शेवटी, इंग्रजीत मध्ये, प्रश्नात पुढे. एकाच मुलाने या तिन्ही जागा चालून दाखवल्या की पाहणाऱ्या मुलांच्याही लक्षात राहतं.

७. प्रत्येक ‘आहे’ म्हणजे ‘इज’ नव्हे

इथे घाई करू नका. मी पहिल्या वर्षी घाई केली आणि ‘आय ॲम पेन’ अशी वाक्यं आली.

मराठीतलं ‘आहे’ फार कामं करतं. माझ्याकडे पेन आहे. मला ताप आहे. मला दोन बहिणी आहेत. टेबलावर पुस्तक आहे. यांतल्या एकाही वाक्याचं ‘मी = काहीतरी’ होत नाही. गणितातली बरोबरची खूण मुलांना पहिलीपासून माहीत असते, तीच वापरा. फळ्यावर ‘मी = आनंदी’ लिहा. बरोबर? हो. ‘मी = पेन’ लिहा. सगळा वर्ग ‘नाही’ म्हणतो. मग इथे ‘ॲम’ नको, ‘हॅव’ हवं. ‘मी = ताप’? नाही. ‘आय हॅव अ फीव्हर.’

उलट ‘मला भूक लागली’मध्ये ‘आहे’ दिसत नाही, तरी इंग्रजीत कडी लागते. ‘मी भुकेला आहे’ असं फिरवून म्हणता येतं म्हणून ‘आय ॲम हंग्री’. तहान, झोप, थंडी यांचंही तसंच. माझा अनुभव असा की ‘मला’ने सुरू होणारी ही वाक्यं निदान तीन तास घेतात. द्या ते तास. बोलताना मुलांना हीच वाक्यं सगळ्यांत जास्त लागतात.

जागेची वाक्यं बरोबरच्या खुणेत बसत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हणजे ‘द बुक इज ऑन द टेबल’. यात पुस्तक आणि टेबल बरोबर नाहीत, तरी इज येतो. एखादं चुणचुणीत मूल हे विचारतंच. त्याला सांगा की कडी जागाही जोडते. आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ साठी ‘देअर इज’ पुढच्या महिन्यात घ्या. दोन मराठी वाक्यांत शब्दांचा क्रम तेवढा बदलला आहे, पण इंग्रजीत वाक्याची सुरुवातच बदलते.

याच सुमारास ‘आय ॲम गो टू स्कूल’ सुरू होईल. घाबरू नका, तो आपल्याच सरावाचा परिणाम असतो. ‘आय’ आणि ‘ॲम’ मुलांच्या तोंडात चिकटून बसलेले असतात. तीच खूण लावा: ‘मी = जाणे’? नाही. मग कडी काढा: ‘आय गो.’ ‘मी जातो आहे’, ‘आय ॲम गोइंग’ हा भाग तेव्हाच उघडू नका. मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

८. चौथी-पाचवी: गूळ, चिंच आणि कारलं

ॲम-इज-आर पक्के झाल्यावर लुक, टेस्ट, स्मेल, फील. हेही जोडणारेच. पण हेच शब्द कधी काम करणारेही होतात, आणि तिथे बरेच शिक्षक गोंधळतात. खरं तर मराठीने इथे अर्धं काम आधीच करून ठेवलं आहे. ‘आई डाळीची चव बघते’ आणि ‘डाळ खारट लागते’ यांना आपण दोन वेगळी क्रियापदं वापरतो, इंग्रजी दोन्हींना ‘टेस्ट’ म्हणते. तसंच पाहणं आणि दिसणं: दोन्ही ‘लुक’. वास घेणं आणि वास येणं: दोन्ही ‘स्मेल’. मुलाला विचारा, ‘दिसते की पाहते?’ दिसते, लागते, वाटते असं आलं तर कडी. पाहते, चव बघते असं आलं तर काम.

हात धुवायला लावा, कोणाला काही खायचं नसेल तर आग्रह नको, आणि जिभेवर जेमतेम टेकेल इतकाच तुकडा द्या. गूळ: ‘इट टेस्ट्स स्वीट.’ चिंच: ‘सावर.’ मीठ: ‘सॉल्टी.’ कारलं: ‘बिटर.’ कारल्याला वर्गाचे चेहरे पाहा आणि तिथल्या तिथे पुढचं वाक्य घ्या: ‘यू लुक अनहॅपी.’ मग टेस्ट्स किंवा लुक झाकून तिथे इज किंवा आर ठेवून पाहायचं. ‘इट इज बिटर.’ वाक्य उभं राहिलं म्हणजे ती कडीच होती. ‘आई इज द डाळ’ उभं राहत नाही.

९. वॉज आणि वर

यात फार वेळ जात नाही. इथे ‘आय’चा वेगळा मान संपतो: मी आणि तो, दोघांनाही वॉज. मुलगा ‘होतो’ म्हणतो, मुलगी ‘होते’ म्हणते, इंग्रजीत दोघांचं वॉजच. एवढं सांगितलं की मुलींना बरं वाटतं, एक रूप कमी पाठ करावं लागतं. जपायचं ते उच्चाराला. आपल्याकडे सर्रास ‘वेअर’ म्हणतात, पण तो ‘कुठे’ या अर्थाचा शब्द. हा ‘वर’ असा म्हणा, तोंड फार न उघडता.

तपासायचं कसं

‘ॲम, इज, आर घालून गाळलेल्या जागा भरा’ यावर विसंबू नका. माझ्या वर्गात अशा दहापैकी दहा मिळवणारी मुलं बोलताना ‘आय हंग्री’ म्हणायची, कारण जागा रिकामी ठेवून कडी कुठे हवी ते आपणच सांगून टाकलेलं असतं. त्याऐवजी चित्र द्या आणि तीन वाक्यं बोलायला सांगा. नाहीतर मराठी वाक्य द्या आणि पट्ट्या लावायला सांगा.

मूल बोलत असताना मध्येच थांबवून दुरुस्त करू नका. ते ‘माय आजी आर ओल्ड’ म्हणालं तर हसून म्हणा, ‘ओ, युवर आजी इज ओल्ड! इज शी वेल?’ बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडतं आणि आजीबद्दल बोलणंही थांबत नाही.

चूक वहीत टिपा. तारीख, वाक्य, आणि शेजारी त्या मुलाच्या मनातलं मराठी वाक्य. हा तिसरा रकाना चुकवू नका, तुमचा पुढचा तास त्यातूनच निघतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अजून ते ‘माय फादर आर फार्मर’ आहे, आणि त्याखाली मागच्या पावसाळ्यातली एक नोंद, तिसरीतल्या मुलाची: ‘माय ऑक्स इज टू. दे आर ब्रदर.’ शेजारी त्याचं मराठी: माझे बैल दोन आहेत, ते भाऊ आहेत. ‘दे आर’ त्याने बरोबर लावलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांवर मी ‘ऑक्सन’ लिहून नेलं.